वाचक विचारतात : पाकीट तिचं, पैसे नवऱ्याचे

प्रश्न : ताई, व्हिक्टोरिया राणीच्या काळावरच्या इंग्रजी मालिका मी आवडीने बघते. त्यातल्या बायका बग्गीतून खरेदीला जातात, नोकरांवर हुकूम चालवतात, घराचा हिशेब ठेवतात. मग त्यांना काही हक्क नव्हते असं का म्हणतात? त्यांच्याकडे स्वतःचा पैसा नव्हता का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खर्चाला पैसा असायचा, पण लग्न झालेल्या बाईजवळचा पैसा कायद्याने नवऱ्याचा मानला जायचा. मिलिसेंट फॉसेट यांच्यावर आलेला प्रसंग सांगते, म्हणजे लक्षात येईल. या बाई पुढे ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या मोठ्या नेत्या झाल्या. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्यांचं पाकीट मारलं गेलं. चोर सापडला, खटला उभा राहिला. आरोपपत्रात काय लिहिलं होतं? मिलिसेंट फॉसेट यांच्या अंगावरून पाकीट चोरलं, आत 1 पौंड 18 शिलिंग 6 पेन्स होते, आणि ही मालमत्ता हेन्री फॉसेट यांची. हेन्री म्हणजे त्यांचे यजमान, केंब्रिजमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि खासदार. ते अंध होते, त्यांच्या वाचनलेखनाचं कितीतरी काम मिलिसेंटच करत. शिवाय स्त्रियांच्या हक्कांचे ते खंदे पाठीराखे. घरात इतका समजूतदार नवरा असूनही कोर्टात बायकोच्या पाकिटाचा मालक तोच! चोरीचा आरोप जणू आपल्यावरच ठेवलाय असं तेव्हा वाटलं, असं बाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे.

नवरा चांगला निघाला तर हा नियम कधी बोचायचाही नाही. वाईट निघाला तर मात्र बाई पुरती अडकायची. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचं 1836 मध्ये नवऱ्याशी फाटलं. तीन मुलगे नवऱ्याने आपल्या ताब्यात ठेवले आणि तिच्या लेखनाच्या कमाईवरही कायद्याने त्याचाच हक्क राहिला. तिने पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली. 1839 मध्ये कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आईला निदान अर्ज करता येऊ लागला.

गंमत बघा, अविवाहित प्रौढ बाईला यातलं बरंच काही होतं. तिची मिळकत तिची, करार ती करू शके, कोर्टात स्वतःच्या नावाने उभी राहू शके. हे सगळं लग्नाने जायचं. श्रीमंत बाप मुलीसाठी लग्नाआधी वेगळा विश्वस्त निधी करून ठेवत, पण लँकेशायरच्या कापडगिरणीत राबणाऱ्या बाईला कोण निधी करून देणार? तिचा पगार नवरा हक्काने मागू शकत होता. मला या काळातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे निदान स्त्रीधनाची कल्पना होती; इंग्रज बाईच्या अंगावरचे दागिनेसुद्धा नवरा हयातीत विकू शकत असे.

1856 मध्ये बार्बरा ली स्मिथ आणि त्यांच्या मैत्रिणींनी सुमारे 26,000 सह्यांचा अर्ज संसदेकडे नेला. तरी पहिला कायदा यायला 1870 उजाडलं. त्याने बायकोची स्वतःची कमाई आणि बचत बँकेतली ठेव तिची झाली. बाकी मालमत्ता तिच्या नावावर राहायला 1882 चा कायदा लागला. तो 1 जानेवारी 1883 पासून अमलात आला.

मी विमा कार्यालयात नोकरी केली, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याने बायकोमुलांच्या नावे काढलेली पॉलिसी त्याच्या सावकारांना धरता येऊ नये, अशी तरतूद 1870 च्या त्या कायद्यात होती. 1874 मध्ये ती हिंदुस्थानच्या कायद्यात आली. मूळ कायद्यातून हिंदू, मुसलमान, शीख, जैन वगळलेले होते. 1923 च्या दुरुस्तीने विम्याचं कलम त्यांनाही लागू झालं. आजही विम्याच्या प्रस्तावाबरोबर ‘एमडब्ल्यूपी’चा (मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा) वेगळा फॉर्म भरता येतो, तो याच कायद्याखाली. तशी पॉलिसी घेतली की घरावर जप्ती आली तरी त्या पैशाला हात लागत नाही, आणि नवऱ्याला पुढे मन बदललं म्हणून बायकोचं नाव काढता येत नाही. धंदा करणाऱ्या घरातल्या बायकांनो, एजंटला हा फॉर्म आवर्जून विचारा.

प्रश्न : डॉ. रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल इंग्रज न्यायाधीशाने दिला होता. मग इंग्लंडमध्येही बायकांना असंच तुरुंगात टाकत का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कायदा तिथलाच होता. नांदायला येण्याचा दावा ही इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतली रीत, ती इथे आणली गेली. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या सासरी गेल्या नाहीत, म्हणून नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. या दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडहून आलाय, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. अपिलानंतर मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली.

मला संताप येतो तो तारखांचा. इंग्लंडमध्ये जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईच्या प्रकरणानंतर 1884 मध्येच ही कैदेची शिक्षा रद्द झाली होती. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत दावा दाखल झाला, त्याच वर्षी! 1891 मध्ये तर क्लिथेरो गावात चर्चमधून बाहेर पडणाऱ्या एमिली जॅक्सनला तिच्या नवऱ्याने जबरदस्तीने गाडीत घालून नेलं आणि कोंडलं, तेव्हा वरच्या कोर्टाने नवऱ्याला असा अधिकार नाही म्हणत तिला सोडवलं.

रखमाबाईंचं प्रकरण 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन मिटलं. पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. 1894 मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या, आणि सुरतेच्या दवाखान्यात त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले.