भांडुपहून न्यूरेंबर्गला निघण्याआधी

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: वय चौतीस, ऐरोलीला एका जर्मन कंपनीच्या सेंटरमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग, बायको दादरच्या अनुदानित मराठी शाळेत कायम शिक्षिका, मुलगी तिसरीत, भांडुपच्या वन बीएचकेचे हप्ते चालू. कंपनीच जर्मनीत न्यूरेंबर्गला बोलावतेय. जावं का, तिथे काम टिकेल का, आणि मुलीची मुंबईची शाळा वर्षभर ऑनलाइन चालू ठेवता येईल का? मला ताई म्हणालायस, तेव्हा अहोजाहो न करता सरळ सांगते.

‘चांगल्या कामासाठी’ निघालोय असं लिहिलंयस, ते आधी खोड. काम तेच आहे. तीच बगांची तिकिटं, तोच कोड, त्याच सकाळच्या स्टँडअप मीटिंगा. पगार, हवा, सुट्ट्या, मुलीचं बालपण यांसाठी ये. कामासाठी नको.

माझे बाबा परळला गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबा पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. कापड विणायचं कुणी थांबवलं नव्हतं, ते भिवंडीच्या पॉवरलूमवर विणलं जात होतं. २००६मध्ये लोअर परळच्या एका मिल कंपाउंडमधल्या काचेच्या ऑफिसात मी लागले. रात्री अमेरिकन गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. पहिल्या दिवशी बाबा गेटपर्यंत आले. ‘रात्रपाळीच ना? मग नवीन काय?’ एवढंच म्हणाले आणि बसस्टॉपकडे वळले.

पुढे टेस्टिंग शिकले, २०१८मध्ये इकडे जर्मनीत आले आणि आता आपण सुटलो असं वाटलं. २०२३च्या उन्हाळ्यात आमच्या टीमचं टेस्टिंग भारतात हलवलं. होय, तुझ्यासारख्याच सेंटरला. सात जणांतले आम्ही तिघं उरलो. तिघांत सर्वांत हुशार कुणीच नव्हतं, पण तिघांनाही ग्राहकासमोर बसून जर्मनमध्ये बोलता येत होतं. गेलेल्या चौघांत एक जर्मनच होता, वीस वर्षांचा अनुभव असलेला. पण तो ग्राहकाकडे कधी जातच नसे.

म्हणून आत्ताच स्वतःच्या कामाची दोन रकान्यांत यादी काढ. कुठलं काम ऐरोलीहून होतं, आणि कुठल्या कामासाठी तू त्या खोलीत असायलाच हवास? पहिल्या रकान्यातलं काम आज ना उद्या आणखी स्वस्त जागी जाईल, नाहीतर मशीनकडे. टेस्ट केसेसचा पहिला खर्डा आता एआय लिहून देतं आणि फ्रेशरच्या जागा त्यामुळे कमी झालेल्या मी डोळ्यांनी बघतेय. दुसऱ्या रकान्यात काहीच नसेल, तर इथे आलास तरी ऐरोलीतलीच खुर्ची घेऊन आलास. मीटिंगा इंग्रजीत होतात, हे कंपनी खोटं सांगत नाही. पण निर्णय कॉफी मशीनपाशी होतात, आणि तिथे कुणी तुझ्यासाठी भाषा बदलत नाही. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आजच नाव घाल. ए-वनने, म्हणजे पहिल्या पातळीच्या जर्मनने, दूध-पाव मिळेल. नोकरी टिकवायची तर चौथी पातळी, बी-टू, धर.

इथला कायदा मात्र माणसाच्या बाजूने आहे. दोन पाळ्यांत ११ तास विश्रांती द्यावीच लागते आणि पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा आहे. आम्हाला बहुतेकांना तीस मिळतात. पण हा कायदा सरहद्दीपाशी थांबतो. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचा फरक असतो. मी साडेपाचला ‘जाता जाता एक छोटा कॉल’ म्हणायचे, तेव्हा ऐरोलीत रात्रीचे दहा वाजलेले असायचे. पलीकडून कुणी कधी नाही म्हणालं नाही. एकदा मागून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, त्यानंतर मी तो कॉल बंद केला. तूही कदाचित अशाच एखाद्या कॉलवर बसला असशील.

आता शाळा. खरा प्रश्न इथे आहे.

मुंबईची शाळा ऑनलाइन चालू ठेवायचा बेत सोडून दे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी बसून शिकणं त्याऐवजी चालत नाही. संध्याकाळी हौसेने काय शिकवायचं ते शिकव. आणि इथे सगळं डिजिटल असेल असं वाटत असेल तर हसशील. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आला. मुंबईत त्याच्या वर्गात स्मार्टबोर्ड, गृहपाठ अ‍ॅपवर, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला शंभर ‘ओके मॅम’. इथे त्याला मिळालं शाईचं पेन आणि शाळेच्या चिठ्ठ्या घरी आणायला एक पिवळी फाइल. बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या या राज्यात, प्राथमिक शाळेच्या आवारात मुलांना मोबाइल वापरू देत नाहीत. २०१९मध्ये केंद्र सरकारने शाळांच्या डिजिटायझेशनसाठी ५ अब्ज युरोंची योजना आणली खरी, पण वर्षभरात कोविड आला आणि आमच्या बाई लिफाफ्यात वर्कशीट घालून पेटीत टाकून जायच्या. त्याच वेळी तिकडे भावाच्या घरी झूमवर वर्ग चालू होते, फक्त फोन एक आणि मुलं दोन. धाकटीचं ते वर्ष वाहूनच गेलं. म्हणजे लिफाफ्याला नावं ठेवायची तर जपून.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत हे इथल्या शिक्षकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी आपल्या वर्गात वापरले आणि २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. तुझ्या बायकोला हे माहीत असणारच.

मुलीच्या बाबतीत एक तारीख ध्यानात ठेव: चौथीचा मे महिना. न्यूरेंबर्ग बायर्नमध्ये आहे आणि इथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. तेव्हा जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमची, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेची, शिफारस मिळते. (इथे १ म्हणजे सर्वोत्तम, ६ म्हणजे सर्वांत वाईट. मुलाला पहिला ‘१’ मिळाला तेव्हा आईने फोनवर विचारलं, ‘कितीपैकी?’) तिसरी संपवून सप्टेंबरमध्ये चौथीत घातलीस तर नव्या भाषेत तिच्या हाती जेमतेम आठ महिने येतात. शाळेशी बोलून तिसरी पुन्हा करू दे, किंवा नव्याने आलेल्या मुलांसाठी ‘डॉइचक्लासे’, म्हणजे जर्मन शिकवणारे वेगळे वर्ग, असतात त्यांची चौकशी कर. एक वर्ष गेलं म्हणून रडू नका. गिम्नाझियम नाही मिळालं तरी रेआलशूले या दुसऱ्या प्रकारच्या माध्यमिक शाळेनंतर पुढे विद्यापीठाकडे जाणारे रस्ते आहेत, फक्त वळणाचे.

सगळ्यात जास्त तुझी बायको गमावणार आहे आणि तुझ्या पत्रात तिच्यावर एकच ओळ आहे. ब्लू कार्ड, म्हणजे तुझ्यासारख्या कुशल नोकरदारांना मिळणारा इथला परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला येण्याआधी भाषेची परीक्षा लागत नाही, आल्याबरोबर कामही करता येतं. पण इथे शिक्षिका व्हायचं तर आपलं डी.एड. किंवा बी.एड. तसंच्या तसं धरत नाहीत. इथले शिक्षक विद्यापीठात शिकून वर बायर्नमध्ये दोन वर्षं उमेदवारी करतात, आणि जर्मन जवळपास मातृभाषेइतकं लागतं. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवण्याचं काम मिळू शकतं. माझी एक मैत्रीण करते, तिला आवडतं, पण त्यात घर चालत नाही. तेव्हा तिने राजीनामा देऊ नये. आधी बिनपगारी रजा मागावी, मिळेल तेवढी.

पैशांचं पटकन: ब्लू कार्डसाठी २०२५मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता, आयटीसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९.८०. आकडा दर जानेवारीला बदलतो. कायमचं राहण्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. भांडुपचं घर विकू नकोस, भाड्याने दे.

आणि बायकोला माझा नंबर दे. रविवारी तुमच्या दुपारी दोननंतर मी मोकळी असते. शाळेचं जे काही विचारायचं असेल ते तिनेच विचारावं, तुझ्यामार्फत नको.