जुन्या मोटारबोटीसाठी नवा पंखा निवडताना

प्रश्न : आमच्याकडे सतरा फुटी, फायबरची जुनी मोटारबोट असून तिला एकच आउटबोर्ड इंजिन आहे. ॲल्युमिनियमच्या तीन पात्यांच्या पंख्याच्या कडा झिजल्या आहेत. त्यावर १३ × १९ असे माप कोरलेले आहे. पूर्ण थ्रॉटल दिले तरी इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या पुढे जात नाही. माहितीपुस्तिकेत मात्र ५००० ते ५५०० फेरे अपेक्षित असल्याचे लिहिले आहे. गिअरचे प्रमाण २:१ असून जीपीएसवर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास दिसतो. चार माणसे बसली की बोट पाण्यावर उचलायला फार वेळ लावते. दुकानदार म्हणतात, त्याच मापाचा पंखा घ्या; एका मित्राचा आग्रह स्टेनलेस स्टीलचा आहे. आम्ही काय घ्यावे?
– एक वाचक

उत्तर : आपण फेरे, वेग आणि गिअरचे प्रमाण असे तिन्ही आकडे कळवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. दुकानदारांचा सल्ला आपल्या बोटीच्या बाबतीत स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झिजलेल्या पात्यांची पाण्यावरची पकड कमी झालेली असते, म्हणून असा पंखा फिरवताना इंजिनावर भार कमी पडतो आणि फेरे एरवीपेक्षा थोडे जास्तच मिळतात. एवढी सवलत मिळूनही आपले इंजिन ४५०० वर अडकते, याचा अर्थ त्याच मापाचा कोरा पंखा बसवला तर फेरे आणखी खाली येतील. दडपणाखाली चालणाऱ्या इंजिनात काजळी साचते, पिस्टन वाजवीपेक्षा तापतात आणि इंजिनाचे आयुष्य घटते. आवाज मंद असल्यामुळे वरवर मात्र सारे ठीक वाटते.

पंख्यावरचा पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पाणी घट्ट असते तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता, तितके त्याचे पिच. आपले इंजिन ४५०० फेरे घेते तेव्हा पंखा २२५० वेळा फिरतो. १९ इंचांच्या हिशेबाने बोटीचा वेग ताशी ६५ किलोमीटर हवा होता. प्रत्यक्षात ५० मिळतो, म्हणजे सुमारे २३ टक्के घसर आहे. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीत १० ते २० टक्क्यांपर्यंतची घसर स्वाभाविक असते. आपली त्याहून जास्त आहे, आणि तो दोष एकट्या पंख्याचाच असेल असे नाही.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी बोट तपासा. जुने आरपीएम मीटर पुष्कळदा चुकीचा आकडा दाखवते, तेव्हा दुसऱ्या मीटरने पडताळा घ्या. इंजिन बंद ठेवून एकाने थ्रॉटल पूर्ण पुढे करावा आणि दुसऱ्याने इंजिनापाशी उभे राहून तो खरोखर शेवटपर्यंत उघडतो का ते पाहावे. केबल ताणली गेलेली असली की नेमका हाच घोटाळा होतो. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. बोटीचा तळ शेवाळ व शिंपले काढून स्वच्छ करा. फायबरच्या जुन्या बोटींत आतल्या फरशीखालचा फोम वर्षानुवर्षे पाणी शोषत राहतो आणि बोटीचे वजन कोणाच्या लक्षात न येता वाढत जाते. शक्य असल्यास बोटीचे वजन करून घ्यावे. रबरी बुश (आतली नळी आणि बाहेरचा भाग यांना जोडणारे रबर) असलेल्या पंख्यात आणखी एक तपासणी आवश्यक आहे : आतल्या नळीवरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि बोट जोरात चालवून आणा. परत आल्यावर रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर बुश निसटते आहे. अशा वेळी फेरे चढतात पण वेग वाढत नाही, आणि त्या पंख्यावर घेतलेले कोणतेही माप भरवशाचे नसते.

त्यानंतर शांत पाण्यात, नेहमीइतकी माणसे व सामान घेऊन, प्रवाहाच्या दोन्ही दिशांना पूर्ण थ्रॉटलवर चाचणी घ्या. पिच एक इंचाने कमी केले की साधारणपणे १५० ते २०० फेरे वाढतात. सारे ठाकठीक करूनही आकडा ४५०० वरच राहिला, तर १५ पिचचा पंखा आपल्याला ५१०० ते ५३०० पर्यंत नेईल. साफसफाईनेच आकडा ४८०० वर गेला, तर १७ पिच पुरेसे आहे. कोऱ्या पंख्याची पकड यातले काही फेरे खाईल, म्हणून लक्ष्य ५००० च्या काठावर न ठेवता मर्यादेच्या मध्यावर ठेवा.

पिच कमी केले की वेग जाईल, ही भीती स्वाभाविक आहे, पण आपल्याच आकड्यांवरून ती दूर होते. १५ पिच, ५२०० फेरे आणि १५ टक्के घसर धरली तरी वेग ताशी ५० किलोमीटर येतो, म्हणजे आज आहे तेवढाच. आणि चार माणसांसह बोट लवकर उचलेल, हा लाभ निराळा. व्यासाचा विचार वेगळा करण्याची गरज नाही, कारण निवडलेल्या पिचबरोबर उत्पादक योग्य तो व्यास देतातच. मात्र दोन कंपन्यांचे एकाच मापाचे पंखे सारखे वागतीलच असे नाही. पात्याची मागची कड किंचित वळवलेली असेल, तर तेवढ्यानेही फेरे घटतात. म्हणून चाचणीनंतर बदलून देण्यास तयार असलेल्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

आपली बोट बहुधा भरलेली असते असे दिसते, म्हणून चार पात्यांचा पंखाही विचारात घ्यावा. तो कमी वेगातही बोट उचलून धरतो आणि थरथर कमी करतो. त्याच पिचला फेरे थोडे घटतात, तेव्हा पिच आणखी एक इंच कमी धरावे लागते. सर्वोच्च वेगात थोडी तूट येते, पण आपली अडचण तिथे नाही.

स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, त्यामुळे वेगवान बोटींना त्यांचा फायदा मिळतो. उथळ पाण्यात खडकाचा धक्का बसला की मात्र ॲल्युमिनियमचे पाते स्वतः वाकून पुष्कळसा मार सोसते, तर स्टीलचे पाते तो गिअरकडे पोचवते. वय झालेल्या इंजिनाच्या गिअरला हा धोका का द्यावा? मी ॲल्युमिनियमच सुचवेन. सध्याचा पंखा दुरुस्त करून १५ किंवा १७ पिचवर आणता येतो का, हे कारागिराला जरूर विचारा. तसे जमले तर तो बोटीत जादा म्हणून ठेवता येईल.

खरेदी करताना इंजिनाचे मॉडेल, शाफ्टवरच्या दात्यांची संख्या आणि पंखा फिरण्याची दिशा सांगा. बसवताना पुढचा थ्रस्ट वॉशर विसरू नका, कारण त्याच्याशिवाय पंखा थेट गिअरबॉक्सवर घासतो. दात्यांना सागरी ग्रीस लावा, नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळा आणि कॉटर पिन नवीच वापरा. जुना पंखा उतरवला की शाफ्टभोवती मासेमारीची दोरी गुंडाळली गेली आहे का, ते बारकाईने पाहा. ती आतल्या सीलमध्ये रुतते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधाळ दिसले, तर नवा पंखा चढवण्याआधी सील बदलून घ्या.