एन८एन नव्याने लावताय? आधी एन्क्रिप्शन की जपा

एन८एन (n8n) म्हणजे वेगवेगळी ॲप्स जोडून कामं आपोआप करणारं साधन. त्या ॲप्सचे तुमचे पासवर्ड आणि टोकन (म्हणजे क्रेडेन्शियल्स) ते डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून ठेवतं. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे की, पहिल्यांदा सुरू होताना आपोआप बनते आणि होम डिरेक्टरीतल्या '.एन८एन' या लपलेल्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये जाते. नवखे नेमके इथेच अडकतात. एन८एन डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवताना त्या फोल्डरला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी साठवण) जोडला नसेल, तर कंटेनर नव्याने बनवला की नवी की तयार होते. मग वेगळा ठेवलेला डेटाबेस शाबूत असूनही एकही क्रेडेन्शियल उघडत नाही, सगळी पुन्हा भरावी लागतात.

म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधीच ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या टूलने ३२ बाइटची रँडम की बनवा (हेक्समध्ये ६४ अक्षरं), ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) द्या आणि तिची प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. डेटाबेसच्या बॅकअपशेजारी मात्र नको, दोन्ही एकत्र चोरीला गेले तर कुलूप असून नसल्यासारखंच. क्यू मोडमध्ये, म्हणजे काम अनेक वर्कर प्रोसेसमध्ये वाटलेलं असताना, प्रत्येक वर्करला हीच की लागते.

आणि कृपा करून एचटीटीपी रिक्वेस्ट नोडच्या (वर्कफ्लोमधला दुसऱ्या सेवेला विनंती पाठवणारा टप्पा) हेडरमध्ये टोकन थेट चिकटवू नका. वर्कफ्लो एक्स्पोर्ट केला की ते जेसन फाइलमध्ये जसंच्या तसं बाहेर पडतं. त्याऐवजी 'हेडर ऑथ' क्रेडेन्शियल बनवा. एक्स्पोर्टमध्ये फक्त त्याचं नाव आणि आयडी जातो. टोकन आधीच कुणाला पाठवलं गेलं असेल, तर ते आजच रद्द करून नवं घ्या.