पेशीश्वसन, श्वासोच्छ्वास आणि दमसास

सांगलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, पेशीला ना नाक ना फुप्फुस, मग ‘पेशीश्वसन’ हा शब्द योग्य कसा आणि त्याऐवजी ‘पेशीचा श्वासोच्छ्वास’ म्हटले तर काय बिघडते? बरेच बिघडते. श्वासोच्छ्वास म्हणजे छातीच्या भात्याची हालचाल; श्वसन म्हणजे अन्नातील ऊर्जा मोकळी करण्याचे रासायनिक काम. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर ‘दीर्घ श्वसन करा’ असा घोष करणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे, कारण श्वसन ते झोपेतही करतात आणि त्यांच्या डब्यातली मोड आलेली मटकीही करते. पेवातल्या, म्हणजे जमिनीखालच्या धान्यकोठारातल्या, ज्वारीला नाक नसते. तरीही ती आतला ऑक्सिजन संपवून कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि म्हणूनच जाणती माणसे नुकत्याच उघडलेल्या पेवात लगेच उतरत नाहीत.

‘श्वस्’ या धातूची वंशावळ सर्वांना ठाऊक आहे, ती सोडून देऊ. खरी गंमत ‘दमसास’, म्हणजे श्वास टिकवून धरण्याची ताकद, या शब्दात आहे. यातला ‘सास’ म्हणजे प्राकृतातून आलेला श्वासच, आणि ‘दम’ हा फारसी शब्द. त्याचाही अर्थ श्वास. ‘एकदम’ म्हणजे मुळात एका श्वासात. कागदपत्र, बाजारहाट यांच्यासारखीच ही दोन घराण्यांतल्या समानार्थी शब्दांची जोडी आहे. काही शुद्धिप्रिय विद्वान इथे संस्कृतातला ‘दम’, म्हणजे निग्रह, आणून बसवतात आणि ‘श्वासावरचा ताबा’ असा अर्थ काढतात. त्यांनी एवढेच सांगावे की, दमा उसळलेल्या माणसाचा श्वासावर कोणता ताबा असतो? हा शब्द गवयांचा मानला जातो, पण माझा कयास असा की तो आधी आखाड्यात जुळला असावा, कारण पहिलवान आणि वस्ताद हे शब्द फारसीतून आणि तालीम अरबीतून येऊन जिथे मराठी मातीत मिसळले, तिथेच अशी जोडी जुळणे स्वाभाविक होते.

आखाड्यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेट या लहान संयुगाचे दोन रेणू होतात आणि एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निव्वळ २ रेणू हाती लागतात. पुढचे काम तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतले ऊर्जाघर) ऑक्सिजनच्या साहाय्याने होते, तेव्हा एकूण हिशेब सुमारे ३० ते ३२ वर जातो. (जुन्या पुस्तकांतला ३८ चा आकडा आता सोडावा.) कुस्ती रंगली की मांडीच्या स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो, पायरुव्हेटचे लॅक्टिक आम्ल होऊ लागते आणि अशा प्रत्येक ग्लुकोजमागे त्या दोनच एटीपींवर भागवावे लागते. छातीचा भाता जोरात चालू असतो, पण पाय उचलत नाहीत. वर्गात हेच उदाहरण द्यावे: तिथे श्वासोच्छ्वास भरपूर असतो आणि ऑक्सिश्वसन, म्हणजे ऑक्सिजनवर चालणारे श्वसन, अपुरे.