'छापणे' चिनी नाही हो!

विचारलंय की 'छापणे' हा शब्द मुळात चिनी, फारसीतून आपल्याकडे आला असं वाचलं, खरं का? आणि जुन्या चिनी पुस्तकांना 'शिळाछाप' म्हणायचं का?

दुसऱ्याचं आधी, कारण ऐकून ऐकून कान किटलेत. नाही म्हणायचं! जुनं दिसलं की लावलं शिळाछाप. ती दगडावरची छपाई, १७९६ च्या आसपास जर्मनीत सेनेफेल्डरने काढलेली. ८६८ सालचं चिनी वज्रच्छेदिका सूत्र (बौद्ध ग्रंथ) लाकडी ठशांचं आहे, पातळ कागदावर लिहायचं, तो फळीवर उलटा चिकटवायचा, अक्षर सोडून बाकी लाकूड कोरायचं, शाई लावून वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून ब्रश फिरवायचा, झालं पान.

आता छापणे. थिअरी अशी की चिनी कागदी नोट म्हणजे 'चाओ', इराणच्या गैखातू नावाच्या मंगोल राजाने १२९४ मध्ये तबरीझला तशा नोटा काढल्या (बाजारच बंद पडला, दोनेक महिन्यांत गुंडाळल्या), फारसीत त्यांना 'चाव' म्हणाले, चावचं चाप आणि चापचं छाप. किस्सा भारी, व्युत्पत्ती भंगार. फारसीतला च आपल्याकडे च-च राहतो, चाकर, चाबूक बघा, छाकर कोणी म्हणतं का? उलट फारसीत छ नाहीच, म्हणजे आपला छाप तिकडे जाऊन चाप झाला. छापचा मूळ अर्थ दाबणे. पोलिसांचा 'छापा'ही त्यातलाच असं माझं ठाम मत, कोशकार मानोत न मानोत.

पण खरी मजा चिनी शब्दात आहे. शिक्का आणि छापणे, दोन्हीला तिकडे 'यिन'. इ.स. १०० च्या सुमाराचे थोर कोशकार शू शेन सांगतात, या अक्षरात वर हात, खाली अधिकाराची खूण, म्हणून अधिकाऱ्याचा शिक्का. साफ चूक! चीनमधल्या आन्यांगला सापडलेली, जुनी अक्षरं कोरलेली हाडं त्या बिचाऱ्यांनी बघितलीच नव्हती, ती ओळखली गेली १८९९ मध्ये. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या हाडांवर हे अक्षर म्हणजे गुडघे टेकून बसलेला माणूस आणि त्याला वरून दाबणारा हात! म्हणजे यिन आधी दाबणे, शिक्का नंतर. 'दडपणे' अर्थाचं 'यी' त्याचंच भावंड.

ब्रश फिरवून छापतात तर दाबणं कुठलं, असं कोणीतरी विचारणारच. अहो, कागदाच्याही आधी बांबूच्या पट्ट्यांवरची पत्रं दोरीने बांधायचे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचे आणि त्यावर शिक्का दाबायचे. छपाईला हा शब्द तिथून मिळाला.