चर्चची चित्रं कुठे पाहाल?

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहे. फ्रेडरिक चर्च या अमेरिकी निसर्गचित्रकाराची चित्रं आजवर फक्त पुस्तकांत पाहिली. मूळ चित्रं एकाच ठिकाणी पाहायला मिळतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्याची मोठी चित्रं सुटी सुटी विकली गेली आणि हातोहात फिरत वेगवेगळ्या संग्रहालयांत पोचली. ‘नायगारा’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, ‘कोटोपाक्सी’ डेट्रॉइटला. ‘द आइसबर्ग्ज’ची तर गंमतच. १८६१ साली न्यूयॉर्कला ते मांडलं तेव्हा यादवी युद्धाला नुकतंच तोंड फुटलेलं, गिऱ्हाईक मिळेना. मग चर्चने बर्फावर एक मोडकी डोलकाठी रंगवली आणि चित्र लंडनला नेलं. तिथे ते एका रेल्वेसम्राटाने घेतलं. पुढे त्याच्या मँचेस्टरजवळच्या घरात मुलांचं सुधारगृह आलं, तरी चित्र तिथेच, कुणाच्या खिजगणतीत नाही. १९७९ साली लिलावात त्याचे २५ लाख डॉलर आले. आता ते डॅलसला आहे.

तुम्ही मात्र एवढी वणवण करू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘हार्ट ऑफ द अँडीज’ (१८५९) आहे, ते आधी गाठा. साडेपाच फूट उंच, जवळजवळ दहा फूट रुंद. पहिल्या प्रदर्शनात लोक पंचवीस सेंट मोजून, दुर्बिणी घेऊन ते पाहायला येत. ते वेड मला पटतं. आधी लांब उभे राहून डावीकडचं हिमशिखर बघा, मग जवळ जा. डाव्या कोपऱ्यात उन्हात उजळलेलं एक खोड आहे. त्याच्या सालीवर कोरल्यासारखी चर्चची सही आणि वर्ष दिसेल. तिथून थोडं उजवीकडे क्रूसापाशी दोन माणसं आहेत, अगदी चिमुकली. हा देखावा इक्वाडोरमध्ये कुठे शोधायला जाऊ नका. दोन प्रवासांतली रेखाटनं जुळवून त्याने तो स्टुडिओत रचलाय.

आणखी एक दिवस काढता आला तर हडसन गावाजवळचं ‘ओलाना’ बघा. चर्चने टेकडीवर बांधलेलं हे घर न्यूयॉर्कपासून मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. आतून पाहायचं तर तिकीट आधी काढून ठेवा. मला विचाराल तर खिडक्यांतून दिसणारी हडसन नदी हेही त्याचंच चित्र. खिडक्या त्याने तशाच बेताने ठेवल्यात.

मुलीला मात्र आत्ताच बजावून ठेवा, मेट्रोपॉलिटनला गेल्यावर सगळी दालनं एका दमात उरकायची नाहीत.