कोळंबी पहाटे मरते? औषधाचा डबा उघडू नका, एरेटर चालू करा

सफाळ्याहून विचारणा आली आहे: ‘एक एकर तलाव, व्हॅनामेई जातीच्या कोळंबीचं दोन लाख बीज, आज 58 वा दिवस, वजन आठ ग्रॅम. एक-एक एचपीचे दोन एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं), वीजबिल वाचवायला रात्री बारानंतर बंद ठेवतो. चार दिवस रोज सकाळी कडेला चाळीस-पन्नास मेलेली दिसतात. दुकानदार म्हणतो, खाद्यातून अँटिबायोटिक द्या आणि पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका. टाकू का?’

दोन्ही टाकू नका. उत्तर तुमच्याच पत्रात आहे: ‘बारानंतर बंद’. सूर्य मावळला की शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट तेही कोळंबीबरोबर घ्यायला लागतं. सगळ्यात कमी प्राणवायू पहाटे चार ते सहा या वेळात असतो आणि नेमके तेव्हाच तुमचे एरेटर झोपलेले. पंधरा टक्के मर धरली तरी तलावात साडेतेराशे किलो माल आहे. एका एचपीला ढोबळ पाचशे किलो धरा, म्हणजे तिसरा एरेटर हवाच. कडेला दिसतात त्या थोड्या; बहुतेक तळाशीच मरतात आणि जिवंत कोळंबी त्यांना खाऊन टाकते.

जिवंत माल असलेल्या तलावात ब्लीचिंग टाकलं की शेवाळ मरतं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. मोरचुदाचंही तेच. एका रात्रीत अख्खा तलाव गेलेला मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी बांधावर रिकामा डबा पडलेला होता. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान बंदी असलेली औषधं आहेत. अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. दुकानदार ‘डोस दुप्पट करा’ म्हणेल. त्याचा डबा खपतो, मरते तुमची कोळंबी.

आज रात्रीपासून एरेटर उजाडेपर्यंत चालू. खाद्य दोन दिवस निम्मं. पहाटे चारला स्वतः बॅटरी घेऊन बांधावर जा. कोळंबी वर येऊन कडेने सुस्त फिरत असेल तर प्राणवायूच कमी आहे. चेक ट्रे (थोडं खाद्य घालून तळाशी ठेवायची जाळीची थाळी) दर वेळी उचला. दोन तासांनी खाद्य उरलं असेल तर पुढचं कमी करा. माझा आग्रह चेक ट्रेचा आहे, कारण तो खोटं बोलत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास बरीच कोळंबी कात टाकते, तेव्हा खाद्य आणखी आवरा.

मेलेल्या कोळंबीच्या डोक्याचं कवच सोलून उजेडासमोर धरा. पांढरे ठिपके दिसले, आतडं रिकामं असलं, तर गोष्ट वेगळी: तो विषाणूचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असू शकतो. त्यावर औषध नाही, कोणी विकलं तरी नाही. पाणी खाडीत सोडू नका, जाळी-बादल्या शेजारच्या तलावात नेऊ नका, लगेच मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

पुढच्या वेळी एवढ्या एरेटरवर एकरी दोन लाख नको, सव्वा लाख पुरे. गर्दीत कोळंबीचे हाल होतात आणि हाल झालेली कोळंबी आधी आजारी पडते.



अलिबागच्या ताईंनी विचारलंय, काढणीत कोळंबी क्रेटमध्ये तासभर तडफडते, चालेल का? अजिबात नाही. बर्फ नि पाणी समसमान घातलेली टाकी जाळं ओढण्याआधी बांधावर तयार ठेवा आणि जाळ्यातून थेट तिच्यात घाला. बर्फाची गाडी आली नसेल तर त्या दिवशी जाळं ओढू नका.